नऊ सेंटिमीटर गुलाल

पुढच्या चाकात छत्तीस तारा, एकही सैल नाही. ब्रेकचे रबर चार. शॉकअप किती दबतो ते कळावं म्हणून त्याच्या नळीला बांधलेला काळा दोरा एक. संघप्रिया गुडघ्यावर बसून सायकल तपासत होती. शेवटी तिनं टायरवर टिचकी मारली. टण्ण आवाज आला आणि तिचा हात तिथंच थांबला.

“काका, हवा कुणी भरली?”

“मी की,” टेम्पोतून उतरत आकाराम म्हणाला. गडमुडशिंगीत त्याचं सायकलचं दुकान होतं. सायकल त्यानंच जोतिबाच्या डोंगरावर आणली होती. “सकाळी टम्म करून ठेवली. मऊ चाक घिऊन जातीस व्हय एवढ्या उतारावर?”

काल पूर्ण दुपार त्याच्या दुकानात तिनं ती जुनी सायकल स्वतःच्या वजनाला बसवली होती. शॉकअपची स्प्रिंग आधीच्या जाडजूड मालकाच्या हिशेबानं आवळलेली होती. तिचं वजन सेहेचाळीस किलो. ती बसल्यावर दोरा पंधरा मिलिमीटर सरकेल, इतकी तिनं स्प्रिंग सैल केली. टायरमधली हवाही तशीच मोजून कमी केली होती.

“टणक चाक दगडावरनं उडतंय, काका. मऊ चाक दगड धरतंय.”

“तीस वर्षं हवा भरतोय मी.”

“डांबरासाठी. हितं डांबर न्हाय.”

डोंगराची ही वाट दगडगोट्यांची होती. जो ती नऊ मिनिटांच्या आत उतरेल, त्यालाच पुढच्या रविवारच्या शर्यतीत घेणार होते. चाचणीला आलेल्या चौदा जणांत मुलगी ती एकटीच. शर्यत भरवणारा धैर्यशील सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला होता, “मॅडम खाली येस्तवर आम्ही जेवून येतो.”

हवा मोजायचा गेज दुकानातच राहिला होता. तिनं वही काढली. त्यात कालचा, टायरला शाई लावून घेतलेला ठसा होता: लांबी नऊ सेंटिमीटर. शाई आणलेली नव्हती. पण देवळाच्या पायऱ्यांच्या कडेला गुलाल साचला होता. तिनं तो चिमटीनं उचलून टायरवर चोळला, चाकाखाली कोरं पान सरकवलं आणि भिंतीला हात टेकून सायकलवर बसली. उतरून ठशाला पट्टी लावली; चाक जितकं मऊ, तितका ठसा लांब. सहा.

“आगं, देवाचा गुलाल हाय त्यो!”

“मी कुठं न्हाय म्हणतोय? मोजतोय नुसतं.”

तिनं थोडी हवा सोडली. सात. आणखी थोडी. आठ. चौथ्या पानावर नऊ आले. मागच्या चाकाचंही तिनं तसंच केलं. आकाराम पुटपुटत टेम्पोत बसला आणि खाली गेला.

वरच्या माणसानं मोबाइलवर ‘सुटली’ म्हटलं, की खाली धैर्यशील स्टॉपवॉच दाबायचा. पहिल्याच वळणावर एक दगड चाकाखाली निसटला. हँडलला झटका बसला, पण चाकानं पकड सोडली नाही. तिनं ब्रेकवरची बोटं सैल केली.

खाली धैर्यशीलनं घड्याळ बघितलं, मग मोबाइल.

“आठ चोवीस. पण फोन उशिरा ऐकू आला आसंल. हे काय धरता येत न्हाय.”

“मग परत मोजा. एका मापावर विश्वास माझाबी न्हाय. दोन घड्याळं लावा आणि फोन आधीपासनं चालू ठेवा.”

“दमलीस की आता.”

“दमलोय. तुमचं घड्याळ दमलं न्हाय न्हवं?”

मागं कुणीतरी हसलं. धैर्यशीलनं दुसरं घड्याळ मागवलं. आकारामनं सायकल टेम्पोत चढवली.

वर पोचले तेव्हा पायऱ्यांची कड धुऊन काढलेली होती. फरशी ओली होती; चिमूटभरही गुलाल उरला नव्हता. उतरताना हवा कमी झाली का, ते पुन्हा मोजायचं होतं; संघप्रिया रिकामं पान हातात धरून उभी राहिली.

आकारामनं शर्टच्या खिशातून कागदाची पुडी काढली. दर्शन घेऊन घरी न्यायला घेतलेली. तो चाकापाशी उकिडवा बसला, पुडी सोडली, गुलाल टायरवर चोळला आणि पान चाकाखाली सरकवलं.

“बस,” तो म्हणाला.

ती बसली. उतरली. पट्टी त्यानंच लावली, डोळे बारीक करून.

“नऊ.”

ती पुन्हा खाली उतरली तेव्हा एका घड्याळात आठ मिनिटं एकोणीस सेकंद होते. दुसऱ्यात आठ मिनिटं एकोणीस.