लिफ्टमधली बाई

कोपरच्या त्या सहा मजली सोसायटीत रसिकाशी रोज न चुकता बोलणारी एकच बाई होती, आणि ती लिफ्टमध्ये राहायची. दार उघडं राहिलं की म्हणायची, "कृपया दरवाजा बंद करें." बोलणं मोजकंच, पण माहेरच्यांपेक्षा नियमित.

रसिकाला पाचवा महिना सरत आलेला. नवरा विनीत मालवाहू जहाजावर. सासूबाई गुहागरहून सातव्यात येणार. तोवर घरात ती आणि सहा खुर्च्या. उलट्या थांबल्या होत्या, भूक परतली होती, पहाटे पोटऱ्यांत गोळे येत होते. म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. फक्त बाळ हललेलं कळत नव्हतं.

"वार पुढच्या बाजूला आहे गं, जरा उशिरा कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "कळलं की तारीख-वेळ लिहून ठेव."

तशी बाळ हलल्याची घोषणा रसिकाने दोनदा केलेली. पहिल्यांदा तर विनीतने जहाजभर साखर वाटली. तो राजमा निघाला. दुसऱ्यांदा छोले. तेव्हापासून तिने ठरवलं, साक्षीदार असल्याशिवाय बोलायचं नाही. आता साक्षीदार आणायचा कुठून?

म्हणून घरून चालणारं ऑफिस संपलं की ती तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवायची, दार उघडं टाकून आतल्या स्टुलावर बसायची, हात पोटावर. बाई थोड्या थोड्या वेळाने विचारपूस करायची. 'काही सभासद लिफ्ट विनाकारण अडवतात' अशी नोटीस लागली, तेव्हा रसिकाला बरंच वाटलं. कुणीतरी आपल्याविषयी चार शब्द लिहिले.

गुरुवारी सेक्रेटरी त्र्यंबककाका स्वतः सहाव्या मजल्यावरून जिना उतरून आले. बगलेत तक्रारवही.

"अगं, दहा मिनिटं बटण दाबतोय मी! गुडघे माझे आहेत, सोसायटीचे नाहीत!"

"सॉरी काका. जरा बसलेले."

"लिफ्टमध्ये? घरात खुर्च्या नाहीत?"

"आहेत ना. सहा. पण त्या बोलत नाहीत."

काकांनी सरळ नियम चौदा सुरू केला. तार सप्तकात. उपकलम 'ब'पाशी आले, आणि बेंबीच्या डावीकडे आतून कुणीतरी टिचकी मारली.

रसिका आठवू लागली. दुपारी काय खाल्लं? मुगाची खिचडी. मुगावर आळ घेणं अन्यायाचं होतं. पुन्हा टिचकी.

"काका, ओरडा ना अजून."

"काय?"

"तुम्ही ओरडलात आणि बाळ हललं. पहिल्यांदाच."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बावीस वर्षं ओरडतोय या सोसायटीत," ते हळूच म्हणाले. "कुणी हललं नव्हतं."

तिने विनीतला फोन लावला. जहाज रेंजबाहेर. तिने आणखी एकदा लावला, मग फोन मांडीवर उलटा ठेवला.

"वेळ लिहायला सांगितलीय डॉक्टरांनी," ती कुणाकडेच न बघता म्हणाली.

काकांनी वही उघडली. 'सायं. ६.१२. खोली ३०२. लिफ्ट अडवली. कारण : बाळ हलले.' खाली सही, आणि सहीखाली 'साक्षीदार'.

"कृपया दरवाजा बंद करें," बाई म्हणाली.

"थांब गं जरा," काका तिला म्हणाले, आणि गुडघा धरत समोरच्या पायरीवर टेकले. "हं. नियम पंधरा..."