आर्याचा कफील

"मी तिचा स्पॉन्सर आहे," सदानंदने फोनवर पुन्हा एकदा इंग्रजीत बजावलं.

"हो सर," कॅनडातल्या कॉलेजची बाई मधाळ आवाजात म्हणाली, "पण विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय आम्हाला काहीच सांगता येत नाही."

"पास की नापास, एवढंच सांगा."

"नाही सर."

"फी कोण भरतं, हे तरी माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. पण सांगता येणार नाही."

सदानंदने फोन ठेवला. सौदीतल्या दम्मामच्या पेट्रोकेमिकल कंपनीत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. इथे स्पॉन्सरला कफील म्हणतात, आणि कफील म्हटलं की कुठलाही कारकून खुर्चीत सरळ बसतो. कंपनी त्याची कफील आणि घरात तो बायको-मुलीचा. दोघींचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, त्याच्या इकाम्याला टांगलेले. त्याने मोबाइलवर देशाबाहेर जायची परवानगी काढल्याशिवाय आर्याला सुट्टीत नाशिकलाही जाता येत नसे. शाळेत असताना तिचे मार्क तर तिच्याआधी त्याला कळत.

"लेखी संमती लागते म्हणे," तो म्हणाला.

विभावरी जेवणाच्या टेबलावर भेंडी चिरत होती. "हो. मला दिलीय तिनं."

"तुला? मग सांग की."

"नाही सांगता येणार."

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"असाल हो. पण मी तिला विचारलं, ती नको म्हणाली."

"म्हणजे नापास झालीय."

विभावरीने एक किडकी भेंडी बाजूला काढली.

"बरं, काळजीचं काही आहे का, एवढं तरी बोल."

"तुम्हाला कळेल याची तिला धास्ती आहे. मला काळजी आहे ती फक्त त्याचीच."

सदानंदने फोन पुन्हा उचलला. मग त्याने आर्याला लावला.

"हाय बाबा. मार्क्स, राइट?"

"नाही," सदानंद म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की दुसरा प्रश्न आपल्याकडे नाहीच. "आज काय झालं... नवा पंप सुरू केला. सगळ्यांदेखत. तो उलटा फिरायला लागला. वायरी मीच तपासल्या होत्या."

"तुम्ही?"

"मीच. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. तुझ्या आईलाही अजून बोललो नाहीये."

विभावरीची सुरी थांबली. पलीकडे आर्या खळखळून हसली. मग तिचा आवाज खाली आला.

"बाबा, एक सांगू?"

विभावरीने भेंडीचं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेली आणि आतून हलकेच दार लोटून घेतलं.