पडद्यामागची सुमती

चिठ्ठी बरोबर दोन बोटं रुंद असे. तारेच्या वापरलेल्या फॉर्माची कोरी बाजू कात्रीनं कापायची, तिच्यावर टाकानं बायकोसाठी त्या दिवसाचे तीन इंग्रजी शब्द लिहायचे, आणि तिसरा शब्द लांबडा निघालाच तर त्याची शेपटी काठावरून खाली वळवायची, अशी श्रीपादची पद्धत होती. चौथा शब्द त्यानं कधी लिहिला नाही.

श्रीपाद कल्याण स्टेशनात तारमास्तर होता. बायको सुमती एकोणीस वर्षांची, मराठी सहावी झालेली. तिला इंग्रजी शिकवायचं त्यानं मनावर घेतलं खरं, पण त्याच्यापाशी पुस्तक होतं ते एकच, एका गोऱ्या गार्डानं टाकून दिलेलं, नाटकांविषयीचं. त्यामुळे वर्षभरात सुमतीचं इंग्रजी एकाच अंगानं वाढलं. तिला त्या भाषेत मीठ मागता आलं नसतं, पण कर्टन पाडता आला असता.

"फार्स म्हणजे?" भाजी चिरता चिरता ती विचारी.

"नुसता धुडगूस. पोट दुखेपर्यंत हसायचं."

"आणि कॉमेडी?"

"तीही हसवते, पण जरा सोवळ्यात."

हसण्याला त्या भाषेत इतके शब्द आहेत याचं तिला नवल वाटे. एकेक शब्द ती घरातल्या माणसांना लावून बघे. सासूबाई गिगल करतात, म्हणजे खुदुखुदु हसतात. मामंजी चकल करतात, म्हणजे पोट हलतं, आवाज येत नाही. 'पॉज' या शब्दापाशी मात्र ती अडून बसली.

"हसू येण्याआधी नटानं थांबायचं, तो पॉज," श्रीपाद म्हणाला.

"थांबायचं म्हणजे किती?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

तो हसला. तिनं मात्र मनगटावर बोटं ठेवून मोजलं. श्रीपादची हौशी नाटकमंडळी त्यांच्याच ओटीवर तालमी करी, आणि माजघरात बसून ती रोज मोजी. चांगला पॉज नाडीच्या तीन ठोक्यांचा. पाचवा ठोका पडला की समजायचं, गडी वाक्य विसरला.

चार महिन्यांपूर्वी ठाण्याहून एक पत्र आलं होतं. मुलींच्या शाळेला इंग्रजी मुळाक्षरं शिकवायला बाई हवी होती. श्रीपादची बदली ठाण्याला होण्यासारखी होती, दोघांना तिथं बिऱ्हाड करता आलं असतं. अडलं एकाच ठिकाणी. सासरे हरिहरपंत, कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार, म्हणाले, "मी आडवा येणार नाही. पण जायचंय की नाही ते तिनं सांगावं. तुझ्या तोंडून नको. उद्या कुणी म्हणायला नको, नवऱ्यानं ओढत नेली."

पत्र आलं त्याच दिवशी सुमतीचं ठरलं होतं. पण पाच वर्षांत ती सासऱ्यांशी एक अख्खं वाक्य बोलली नव्हती. सांगायचं म्हणून तीनदा पाण्याचं तांब्याभांडं घेऊन ओटीवर गेली आणि तीनदा रिकामं भांडं घेऊन परत आली. आता शाळेचं दुसरं पत्र आलं होतं. सोमवारच्या टपालानं उत्तर गेलं नाही, तर जागा दुसऱ्या बाईला.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, फार्सची रंगीत तालीम होती. फार्स लिहिला होता मंडळीतल्या बाळनं, आणि दोस्ताची खोडी काढायची म्हणून त्यातल्या नोकराचं नाव श्रीपाद ठेवून ती भूमिका श्रीपादच्याच गळ्यात मारली होती. पडद्याआडून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टरही बाळच. पण सकाळीच त्याला कसाऱ्याला कामावर जायचा हुकूम आला.

"सगळ्यांच्या नकला, वाक्यन् वाक्य, पाठ असलेलं माणूस घरात एकच आहे," श्रीपाद माजघराकडे बघत म्हणाला.

"अरे, लोक काय म्हणतील!" सासूबाई कुजबुजल्या.

"दिसणारच नाही कुणाला, आई. पडदा आहे ना!"

माजघराच्या दाराला जुनं लुगडं टांगलं. ओटीवर हरिहरपंत आणि शेजारचे चार म्हातारे बसले. आत सुमती, हातात बाळची वही.

पहिला प्रवेश झकास गेला. दुसऱ्यात घरधनी झालेला गणू काठी आपटत आला आणि थांबला. तीन ठोके. चार. पाच. गणूचे डोळे लुगड्याकडे वळले.

सुमतीनं वहीत पाहिलं. 'अरे श्रीपाद्या, गाढवा, कुठं मेलास?'

नवऱ्याचं नाव घ्यायचं, वर गाढव, आणि वर मेलास! गणूच्या कपाळावर घाम आला.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "इकडं यायचं व्हावं."

प्रॉम्प्टर सांगेल ते म्हणायचं, एवढंच गणूला ठाऊक होतं. एकदा बाळ खोकला तर हाही खोकला होता. त्यानं काठी आपटली आणि गर्जना केली, "अहो! इकडं यायचं व्हावं!"

आणि श्रीपाद, खांद्यावर फडकं टाकलेला नोकर, पाच वर्षांच्या सवयीनं म्हणाला, "काय गं?"

ओटी हशानं दणाणली. म्हातारे एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारायला लागले. हरिहरपंत मोठ्यांदा हसले, उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा हसले.

"हे कुणी लिहिलं रे?"

"बाळनं," श्रीपाद म्हणाला.

"बाळनं? त्याचं लग्न कुठं झालंय?"

श्रीपाद खांद्यावरचं फडकं सारखं करू लागला.

"आत कोण आहे?"

"मांजर असेल," सासूबाई आतून म्हणाल्या.

"असं? चांगलं शिकलेलं दिसतंय." हरिहरपंतांनी बसल्या जागी पडद्याकडे तोंड केलं. आवाज मऊ होता. "सूनबाई, गणूच्या तोंडून किती बोलणार? उद्या ठाण्याला उत्तर धाडायचंय. काय लिहू मी?"

"बाबा, ती म्हणते की—"

"तू गप रे. नोकर आहेस तू."

गणू काठी धरून तसाच उभा होता. सुमतीनं वही मिटली. वहीत यापुढं तिच्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच पुढं ढकललं. लुगडं हललं, पण ती त्याच्या आडच राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, आणि ओटीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "मी ठाण्याला जाणार."