मुठीचं साल

"अरे देवा, हे काय करून बसली मी!" अरुणा स्वतःशीच म्हणाली आणि तिनं रिव्हॉल्व्हरचं पोट फडक्यानं पुन्हा एकदा पुसलं. वरवरचं कुंकू निघालं, पण लोखंडात शिरलेलं निघेना. उलट पुसावं तसतसं ते जास्तच ठसठशीत व्हायला लागलं. दोन, पाच, नऊ आणि पुढे आणखी तीन आकडे. काल भिंगातूनही जिथे नुसती झीज दिसत होती, तिथे आज लाल नंबर उमटला होता आणि मुठीवरच्या नंबराशी तो काही केल्या जुळत नव्हता.

खंडेनवमीचा दिवस होता. कॅनडातल्या रेजिना शहरात, एका लिलावघराच्या मागच्या खोलीत अरुणा दर वर्षी आपल्या अवजारांची पूजा करते. व्हर्नियर, भिंग, वजनकाटा, झालंच तर कॉम्प्युटर. झेंडू तोवर थंडीनं मेलेला असतो, म्हणून ग्रोसरीतली केशरी शेवंती. नागपूरला तिचे वडील शाळेच्या प्रयोगशाळेत होते आणि या दिवशी ते ब्युरेटलासुद्धा हळद-कुंकू लावायचे, तेव्हा हे खूळ घराण्यातलंच. आज टेबलावर डेनिसकाकांची रिव्हॉल्व्हर उताणी पडली होती. शस्त्रपूजेच्या दिवशी खरंखुरं शस्त्र समोर असताना एकट्या व्हर्नियरला कुंकू लावायचं, हे तिच्या मनाला पटेना. तिनं लावलं. लोखंड तेलकट होतं, कुंकू चांगलंच बसलं, आणि मग गंज चढेल या भीतीनं बाईसाहेब पुसायला लागल्या.

अरुणानं आयुष्यात झुरळही मारलेलं नाही. घरात ते खातं नवऱ्याकडे, जयदीपकडे आहे. पण जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठी तिच्याइतक्या बारकाईनं पाहणारी माणसं त्या गावात शोधून सापडायची नाहीत. जयदीपच्या सरकारी नोकरीमागे ती इथे आली, लेबलं टाइप करायला म्हणून लिलावघरात लागली आणि वसईच्या डेनिस तुस्कानोंच्या हाताखाली सापडली. काका भारतात फिटर होते. इथे त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या.

"ह्या जातीचा घोडा दर टायमाला अंगठ्यानं मागं ओढायचा, मगच चाप," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "म्हणून सगळा खेळ मुठीचा. नळी कोण पण चमकवते. तू मूठ बघ."

मग अकरा वर्षं तिनं मुठीच पाहिल्या. आरमारी नमुन्याची मूठ आटोपशीर, तिच्यात करंगळीला जागा नाही. लष्करी नमुन्याची लांब, सगळी बोटं सुखानं बसतात. नेमबाजांसाठी काढलेली मागून उंच चढलेली आणि खाली पुढे वळलेली. मग त्याच नमुन्यांचे पोटभेद: सिलिंडरचा दांडा कधी समोरच्या स्क्रूनं धरलेला, कधी बाजूच्या आडव्या खटक्यानं. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी दोघं तासभर वाद घालायचे आणि शेवटी काकांचं खरं निघायचं.

काकांची ही रिव्हॉल्व्हर तिनं पन्नासदा हाताळली असेल. मुठीवरचा नंबर एक लाख सहासष्ट हजारांच्या घरातला, म्हणजे साल १८९६. सांगाड्यावरचा, म्हणजे पोटाखालच्या मूळ लोखंडावरचा, नंबर झिजलेला. "तोच हाय गं, पुसला गेला," असं काका म्हणायचे आणि गुरूचं वाक्य कोण तपासतं? बाजूचा आडवा खटकाही १८९६ला खपून जाणारा. आता लाल आकडे सांगत होते की सांगाडा १९०४चा आहे.

हा आठ वर्षांचा फरक दिसायला किरकोळ होता. पण सगळं त्यावरच अडलं होतं. १८९८च्या आधीची असली तर कायद्याच्या लेखी ही पुराणवस्तू. भिंतीवर लावा, नाही तर पेटीत ठेवा. नंतरची असली तर ती सरळसरळ हँडगन, आणि ती आता कुणाला देताही येत नाही, विनापरवाना ठेवताही येत नाही. साल धरायचं ते सांगाड्याचं, मुठीचं नव्हे. एकोणऐंशी वर्षांच्या काकांना बर्फ पडायच्या आत ब्रॅम्पटनला मुलीकडे, बियांकाकडे जायचं होतं. बियांकाची एकच अट होती: पुराणवस्तू असल्याचा कागद असेल तर गन आणा, नसेल तर घरात नको. तो कागद अरुणानं सही करून द्यायचा होता आणि काका अकरा वाजता न्यायला येणार होते.

तिनं जयदीपला फोन लावला.

"कुंकूच आहे ना? मग ब्रश घे, तेल घे अन् घासून टाक," तो म्हणाला. "नंबर गेला की विषय संपला. म्हातारा माणूस आहे, कशाला जीव खातेस त्याचा?"

"अन् सही? ती काय तू करून राहिला आहेस?"

"मॉम," मागून लेकीचा, रुचाचा आवाज आला, "यू पुट कुंकू ऑन अ गन? लाइक, अ रिअल गन?"

अरुणानं फोन ठेवला. ब्रश हातात घेतला, तेलाची बाटली उघडली, परत बंद केली. मूठ पुन्हा मोजली. कालच्याच मापाला तंतोतंत. लोखंडाला लोखंड इतकं बेमालूम भिडलेलं की नख फिरवलं तरी सांधा लागेना. मग ही मूठ दुसरीची कशी? की लाल नंबरच खोटा? काका फसले होते, की त्यांनी तिला फसवलं होतं? एका घटकेला तिला त्यांचा राग आला, दुसऱ्या घटकेला स्वतःची लाज वाटली, आणि नक्की कशाची वाटते तेही कळेना.

काका आले ते अर्धा तास आधीच. टोपी काढली, गळपट्टा सोडला, हातमोजे मात्र काढायचे विसरले.

"झाला काय माझा कागद?"

"बसा काका. चहा घ्या आधी."

"चहा नको. लोक चहा कवा देतात ते मला म्हायती हाय." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "हे लाल काय?"

अरुणानं भिंग पुढे केलं. काका वाकले. बराच वेळ वाकून राहिले. त्यांचे ओठ आकडे म्हणत होते. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "ही माझी नाय."

"तुमचीच आहे काका. कालच तुम्ही आणून दिली."

"मूज जॉ गावच्या शेतकऱ्याकडनं घेतलेली. मूठ फुटलेली व्हती." त्यांनी कपाळ चोळलं. "नाय, विनिपेगला घेतली. का मूठ विनिपेगची?"

"मूठ फुटली होती?"

त्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले आणि हात पुढे केला. तिनं स्क्रूड्रायव्हर दिला. नाव विसरणारा, वार विसरणारा तो म्हातारा सहा स्क्रू न चुकता क्रमानं काढत गेला आणि एक एक ओळीत मांडत गेला. मूठ सुटली. आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, कानशीच्या बारीक तिरक्या रेघा होत्या. काकांनी त्यांवरून अंगठा फिरवला.

"ही घासणी माझी हाय," ते हळूच म्हणाले. "डाव्या अंगाला अशी तिरकी कानस दुसरा कोण मारत नाय."

"म्हणजे तुम्हीच बसवली."

"तसंच दिसते. मोठी मुदत झाली गं. रिटा व्हती तवा." रिटा म्हणजे त्यांची बायको, तिला जाऊन सात वर्षं झाली होती. "मग मी सगळ्यांना नंबर मुठीचा कसा सांगत बसलो?"

ते तिलाच विचारत होते. हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं आणि त्यांनी सोयीनं झाकलं, की आपण केलेलं काम ते खरोखरच विसरून गेले होते? त्यांच्या चेहऱ्यावरून काही ताडता येत नव्हतं. बहुधा तो गुंता त्यांनाही सुटत नसावा. तिला त्यांची अतोनात दया आली, आणि दया आली याचंच वाईट वाटलं.

"काका," ती म्हणाली, "एक सांगू? काल मी तीन वेळा मोजलं. आज परत मोजलं. मला सांधा सापडला नाही."

"नाय सापडला?"

"नाही."

"तुला?"

"अकरा वर्षांत नाही सापडला. कुंकू लावलं नसतं तर कधीच सापडला नसता."

काकांनी खिशातले हातमोजे टेबलावर शोधले, आणि मग एकदम हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. ते हसू पाहून अरुणाचे डोळे भरून आले.

"घासून टाकता येते ते कुंकू," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"येते."

"तू घासणार?"

"तुम्ही सांगितलं तर..." ती अडखळली. "नाही काका. सही माझी आहे. माझ्यानं नाही होणार."

"मी सांगणार पण नाय." त्यांनी मूठ परत बसवायला घेतली. "पोलिसाला बोलव, गन जमा करून टाकू. पण कागद नीट कर. सांगाडा १९०४. मूठ १८९६, दुसऱ्या गनची. आणि बदलली कोणी ते पण लिही."

"ते कशाला काका? त्याची गरज नसते. उगाच तुमचं नाव कशाला त्यात?"

"लिही म्हणतो ना. डेनिस तुस्कानो, रेजिना. चाळीस वरसं काम केलं मी हितं. लोक गन घेऊन गेले, माझं नाव कुठल्या कागदावर नाय." शेवटचा स्क्रू त्यांनी दोन बोटांनी आवळला. "आणि सहा स्क्रू लिही. मागच्या टायमाला तू पाच लिहिलेले."

तिनं टाइप केलं. त्यांनी दोन प्रती मागितल्या, एक पोलिसांना, एक स्वतःला. प्रिंटरमधून निघालेला कागद त्यांनी निवू दिला आणि भिंग उचलून ते खिडकीशी उजेडाला गेले.

अरुणानं पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती, वस्तूत गोळ्या भरलेल्या आहेत का, घरात आणखी काही आहे का, ठेवणारा स्वखुशीनं देतोय का, असं सगळं विचारत होती. "हो, स्वखुशीनं," अरुणा म्हणाली. खिडकीशी डेनिसकाका शेवटच्या ओळीवर बोट ठेवून आपलं नाव वाचत होते. वाचून झालं की पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येत होते.