अण्णांची संध्याकाळची भूक

अण्णांचा सगळा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, आणि म्हातारपणी घरच्यांनी त्यांच्यासाठीच कपाटाला कुलूप घातलं.

रक्तातली साखर वाढल्याचं कळल्यापासून त्यांच्या खाण्यावर घरात सगळे बोलत, फक्त त्यांना कुणी विचारत नसे. सुनेने बिस्किटं, चिप्स, जॅम कपाटात कोंबून किल्ली पर्समध्ये टाकली. संध्याकाळी भूक लागली की बशीत शुगर-फ्री बिस्किटं यायची. "दोनच हं, अण्णा." जणू बालवाडीतलं पोर!

एक दिवस सून नवऱ्याबरोबर कामावरून आली, तर कपाट सताड उघडं, कुलूप ओट्यावर आणि अण्णा गॅसपाशी.

"अण्णा! काय खाल्लंत?"

"अजून काही नाही. अंडी उकडतायत."

"मग कुलूप का उघडलंत?"

"अपमान झाला म्हणून. आणि तेही असलं फुसकं! तुझ्या हेअरपिनने उघडलं. लावायचंच होतं तर मला सांगायचं, चांगलं दिलं असतं."

मुलाला हसू फुटलं. बायकोने डोळे वटारताच त्याने ते गिळलं.

"बघ, एकही पाकीट फोडलेलं नाही," अण्णा म्हणाले. "सकाळी दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंना भेटून आलो. त्या बिस्किटांत साखर नसली तरी मैदा आहेच. त्यापेक्षा अंडं, काकडी, चीजचा तुकडा, मूठभर शेंगदाणे खा म्हणाल्या. आजार मला झालाय ना? मग नको म्हणायचं तेही मीच म्हणेन."

सून खुर्चीत बसली. "माझे बाबाही असंच म्हणायचे. शेवटी पाय कापावा लागला."

अण्णांनी गॅस बारीक केला. "वाईट झालं, पोरी. पण मला भीती वाटते का, हे तरी विचारलंस कधी?"

"वाटते?"

"वाटते तर! रोज उठल्यावर आधी तळपाय बघतो. पण म्हणून कैद्यासारखा राहणार नाही."

अण्णांनी काकडी उभी चिरली, चमच्याने बिया काढल्या, त्यात कुस्करलेलं अंडं, घट्ट दही आणि मिरपूड भरली. सुनेने एक फोड खाल्ली, मग न विचारता दुसरी उचलली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मग तुझं तू घाल."

पुढच्या तपासणीत आकडा थोडा खाली आला. फार नाही, पण आला.

त्यानंतर कुलपांच्या कारखान्यातल्या जुन्या दोस्ताचा निरोप समारंभ होता. एकाने केकचा भलामोठा तुकडा अण्णांच्या तोंडाशी नेला. "खा रे! एका घासाने काय मरतोयस?"

"मरत नाही," अण्णा त्याचा हात बाजूला सारत म्हणाले. "पण माझ्या तोंडात काय जाणार, हे तू ठरवणारा कोण?"

अण्णांनी खिशातून डबी काढली आणि सगळ्यांदेखत, कुरुम कुरुम आवाज करत, भाजलेले शेंगदाणे खाल्ले.