माझ्या मुळाशी आलेली बुरशी

मी एक जुनी कोरफड आहे. सावद्याला हसीनाबींच्या दाराशी, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाढले. मित्रांनो, मला तिथं लावलं ते त्यांच्या पतीनं, गनीभाईंनी.

गनीभाई केळीच्या बागांत करप्यानं डागाळलेली पानं कापायला जायचे. करपा ही बुरशी. ती दुसऱ्याच्या पानावर बसते आणि तेच पान खाऊन जगते. घरी आले की ते माझं जाड पान दाबून मुलीला, अलफियाला, दाखवायचे. "ही बघ, आपलं पाणी आपणच साठवते. कुणाचं काही घेत नाही." मला बरं वाटायचं. तव्याचा चटका बसला की घरची माणसं माझंच पान कापायची. तेही चालायचं.

गेल्या उन्हाळ्यात बागेतच गनीभाईंच्या छातीत कळ आली. ते जिवंत परतले नाहीत.

हसीनाबी रडल्या नाहीत. भाकरी थापायच्या, झाडलोट करायच्या आणि येता-जाता तांब्याभर पाणी माझ्या डब्यात ओतायच्या. माझ्याकडे न बघता. डब्याचं भोक केव्हाच बुजलं होतं. मी पीत राहिले. पुढं पिववेना, तरी पाणी येतच राहिलं. मग मुळांना बुरशी लागली. दुखलं नाही. खालचं एकेक मूळ नुसतं कळेनासं झालं. बुरशीला माझा राग नव्हता. मी साठवून जगते, ती मऊ पडलेलं खाऊन जगते. तिला ओल हवी होती, ती मिळत होती.

शेजारच्या सुनिताअक्का मूळच्या सोनगीरकडच्या, बोलणं अहिराणी. त्यांनी सहज माझं पान धरलं, ते हातातच आलं.

"मुळं सडी ग्यात. बुरशी लागेल शे," अक्का म्हणाल्या.

"मी तर रोज पाणी घालते," हसीनाबी म्हणाल्या.

"अम्मी, त्यानंच झालं," अलफिया हळूच म्हणाली. "अब्बा कधीतरीच घालायचे."

हसीनाबी माझ्या डब्याशी बसल्या. त्यांनी सुरी मागितली. सडलेलं सगळं कापून टाकलं, मला दोन दिवस सावलीत सुकवलं आणि अक्कांसमोर कोरड्या रेतीत नव्यानं लावलं.

"जगेल का ही?" त्यांनी विचारलं.

"पाहू," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्याजवळच बसून राहिल्या. तेव्हा कुठं हसीनाबींना रडू फुटलं.

आता मला एक बारीक मूळ फुटलंय. मित्रांनो, झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि घरातलं कुणी न बोलता नुसतं राबत असेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.