उणे एक

मधल्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं नवऱ्याचं, दाराजवळचं बायकोचं. बारा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक लायब्ररी लिहायला घेतली. पुस्तकांची नव्हे, संगणकाच्या सी भाषेतल्या फंक्शनांची, म्हणजे छोट्या तयार प्रोग्रामांची. ज्याला आपल्या यंत्रातला मजकूर गुप्त ठेवायचा असेल, किंवा समोरून आलेली डिजिटल सही खरी की खोटी हे तपासायचं असेल, त्याने ती उचलावी आणि वापरावी. त्यातली मानाची कामं नवऱ्याने घेतली. उरलंसुरलं सगळं बायकोकडे आलं, आणि ते ज्या फोल्डरमध्ये राहायचं त्याला नवऱ्याने पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकलं, 'किरकोळ'.

या किरकोळात दोन किल्ल्या, म्हणजे परवलीची अक्षरं, ताडून पाहणारं एक फंक्शन होतं. फरक पहिल्या अक्षरात असो की शेवटच्या, ते अगदी तेवढाच वेळ घेई, म्हणजे घड्याळ लावून बसलेल्या चोराच्या हाती काही लागू नये. काम झाल्यावर मेमरीतली किल्ली पुसून टाकणारं दुसरं होतं. हे पुसणं दिसतं तितकं सोपं नाही. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हा अतिशहाणा प्राणी. त्याला वाटतं, पुढे ही जागा कोणी वाचणारच नाही तर पुसायची कशाला, आणि तो ती ओळच गुपचूप उडवतो. त्याला चकवून पुसायला लावण्यात तिचे दोन महिने गेले होते. शिवाय चुकांचे संदेश होते. कुठे काय बिनसलं हे नीट सांगणारी दोनशे सदतीस वाक्यं तिने एकेक करून लिहिली होती. घासलेली भांडी कोणाच्या नजरेत भरत नाहीत, खरकटी राहिली की लगेच दिसतात, तसलं हे काम.

आता ते सगळं जाणार होतं. एका मोठ्या कंपनीला लायब्ररी हवी होती. नवऱ्याचा भाग कंपनी जपून ठेवणार होती. किरकोळ मात्र कंपनीकडे स्वतःचंच होतं, त्यामुळे करारातलं सहावं कलम म्हणत होतं, 'हा भाग वगळण्यात येईल.' दहा दिवसांपूर्वी नवऱ्याने विचारलं, देऊन टाकू या ना? ती काही बोलली नाही, कारण काय बोलावं हे तिला खरंच कळेना. रोजची दमछाक संपेल हे खरं होतं, आणि बारा वर्षांचं काम केराच्या टोपलीत जाईल हेही खरं होतं. नवऱ्याने तिच्यासमोरच फोन लावला आणि कंपनीला कळवलं, आमची दोघांची तयारी आहे, मंडळींची मूकसंमती आहे. मूकसंमती! हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा गाठून विचारायला हवं, की बाबा रे, मुक्याला नाही म्हणायचं असेल तर त्याने काय करायचं?

नवऱ्याने सही करून टाकली. तिची जागा रिकामी होती. आज चार वाजता कंपनीचा माणूस कागद न्यायला येणार होता, आणि आता मागे फिरणं म्हणजे नवऱ्याचा शब्द खोटा पाडणं होतं.

दहाच्या सुमाराला एक पत्र आलं. हीच लायब्ररी वापरून विजेवरची कुलपं बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या इंजिनियर बाईंनी ते पाठवलं होतं. कुलूप डिजिटल सही तपासून उघडायचं. त्यांनी त्याला एक बनावट सही दिली होती आणि तिची लांबी मुद्दाम अवाढव्य सांगितली होती. तेवढी मेमरी मिळेना, म्हणून सही तपासताच आली नाही. आणि कुलूप उघडलं. बाईंनी फार सौजन्याने विचारलं होतं, हे असंच अपेक्षित आहे का?

नवऱ्याचा चेहरा उतरला. तपासणीचा निकाल वर पोचवणं हे किरकोळातलं काम, म्हणून त्याने आधी बायकोचीच फाईल उघडली. तिचं फंक्शन तीन उत्तरं द्यायचं. सही खरी असेल तर एक, खोटी असेल तर शून्य, आणि तपासताच आली नाही तर उणे एक. पण सी भाषेचा स्वभाव असा, की नुसतं 'होय ना?' विचारलं तर शून्य म्हणजे नाही, आणि बाकी सगळं म्हणजे होय. एक असो, सात असो, उणे एक असो. नवऱ्याने आपल्या भागात सगळीकडे नुसतं 'होय ना?' विचारलं होतं.

तरी त्याचं म्हणणं हेच, की घात केला तो उणे एकाने. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"तू त्याच्या जागी शून्य दे," तो म्हणाला. "एक ओळ बदलायची. चहा उकळायच्या आत काम संपेल."

"नाही." तिचा आवाज तिलाच जरा अनोळखी वाटला. "सही खोटी निघाली, तर भोंगा वाजवायचा. तपासता आली नाही, तर दार बंद ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं. दोन्हींना मी शून्य म्हटलं, तर काय झालं हे कुलपाला कधीच कळायचं नाही."

तो पुटपुटत खिडकीजवळ जाऊन बसला आणि स्वतःच्या फायली उघडू लागला. जिथे जिथे त्याने उत्तर न बघता पुढे पाऊल टाकलं होतं, त्या जागा मोजल्या तर एकेचाळीस भरल्या. एकेक जागी जाऊन त्याला लिहावं लागत होतं, उत्तर बरोबर एक आहे का ते बघ, तरच पुढे जा. ती इकडे बनावट सह्या तयार करून त्याची प्रत्येक दुरुस्ती तपासत होती. जेवण दोघांनी टेबलांवरच उरकलं. विसाव्या-बाविसाव्या जागेनंतर त्याचं पुटपुटणं थांबलं. तिने मान वर करून पाहिलं, तर तो तिचीच फाईल वाचत होता, अगदी वरपासून.

"'उणे एक म्हणजे होय नव्हे,'" त्याने मोठ्याने वाचलं. "'उणे एक म्हणजे पुन्हा विचारा.' हे कधी लिहिलंस?"

"अकरा वर्षं झाली."

"मी वाचलंच नाही कधी."

तिने पुढची बनावट सही पाठवली. कुलूप बंद राहिलं.

तीन वाजून गेल्यावर दुरुस्ती बाहेर पडली, कारखान्यातल्या बाईंना उत्तर गेलं. तिने हात धुतले आणि कराराचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढून ती नुसतीच बसली. नवरा त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

"दहा दिवसांपूर्वी मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"काहीच नाही."

"म्हणजे..."

"उणे एक."

तो खुर्चीत मागे रेलला. या माणसाला खरंच विसावा हवा होता, हे तिला ठाऊक होतं. पाठ धरली होती, डोळ्यांना सतत पाणी यायचं, बारा वर्षांत एक सुट्टी अशी गेली नव्हती की लायब्ररीचं पत्र आलं नाही. म्हणूनच तर ती दहा दिवस गप्प बसली होती. तिला त्याची कणव आली, रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी येतात याचं नवल वाटायचे दिवस तर केव्हाच सरले होते.

दारावरची बेल वाजली. तो उठला नाही.

"आणि आज?" त्याने विचारलं. विचारून तो थांबला. बेल दुसऱ्यांदा वाजली तरी थांबला.

"आज शून्य," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, कागद उचलला आणि दार उघडायला गेला. कंपनीचा माणूस चांगला होता, नकार ऐकूनही चढ्या आवाजात बोलला नाही. त्याला एवढंच समजत नव्हतं, की फोनवर तर दोघांचीही तयारी कळवली होती, मग मध्येच झालं काय?

"मंडळींना विचारलं होतं मी," नवरा दारातून म्हणाला. "उत्तर तपासायचं राहून गेलं."